सत्यभामाबाईंची उंची

"परभणी पुसून हिंगोली लिहायला जागा पुरती का, पेंटर?" खालून कुणीतरी विचारलं.

शिडीवर उभ्या असलेल्या प्रेमानंदनं मान वळवली नाही. ब्रश 'हिं'च्या अनुस्वारावर टेकवत तो म्हणाला, "पुरती की. जिल्हा करायच्या आधी सरकारनं पाट्या मोजल्या आसतीन."

दसरा नुकताच झाला होता. त्या साली महाराष्ट्र दिनाला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला आणि तेव्हापासून आखाडा बाळापूरच्या प्रेमानंद पेंटरला धड जेवायला फुरसत नव्हती. पिठाची गिरणी, खताचं दुकान, सायकलचं दुकान, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, ज्याच्या त्याच्या पाटीवर 'जि. परभणी' असं ठसठशीत लिहिलेलं, आणि त्यातलं निम्मं त्यानंच लिहिलेलं. आपलंच काम पुसून वर शाबासकी मिळते असा धंदा दुसरा नसेल, असं तो बायकोला सांगायचा.

खाली बजरंग उभा होता. बाळापुरातल्या एका बँकेत तो शिपाई होता. राहायला मात्र ओढ्यापलीकडच्या वाडीत. त्याचे वडील पुंजाजी मेंढरं राखायचे. आई, सत्यभामाबाई, मागच्या साली गेली होती. तिच्या तेराव्याला प्रेमानंद जाऊन आला होता, पण बाईंना जिवंतपणी त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"दिवाळी झाली की मायला साल व्हतंय," बजरंग म्हणाला. "वर्षश्राद्धाला समदे पाव्हणे यायचेत. आबाचा आन मायचा जोडीनं फोटू पाहिजे भितीवर. मोठा. बोर्ड आन फ्रेम मी नांदेडहून आनून ठिवली."

प्रेमानंद खाली उतरला. "छोटा फोटू हाय का जोडीचा?"

बजरंगनं खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोटो काढला. तो त्याच्याच लग्नाचा होता. नवरा-नवरीच्या मागं पाहुण्यांची रांग आणि रांगेच्या टोकाला पुंजाजी आणि सत्यभामाबाई. दोघांची तोंडं हरभऱ्याच्या दाण्याएवढी. खांद्याखालचं सगळं नवरीच्या एका ऐसपैस मावशीनं झाकलेलं.

"येवढाच?"

"येवढाच. येरवी दोघं येका जागी उभेच राह्यले न्हाईत. येक कळपाच्या म्होरं, येक कळपाच्या मागं." मग इकडंतिकडं बघून बजरंगनं आवाज खाली केला. "पेंटर, येक सांगू का? माय जरा उंच व्हती. म्हंजे आबापक्षा. तेवढं सांभाळून घ्या. पाव्हण्यांत बरं न्हाई दिसत."

"त्याची फिकीर सोडा," प्रेमानंद हसला. "आपल्याकडं समदे नवरे उंचच आसतेत."

हे त्यानं थट्टेनं म्हटलं तरी त्यात खोटं काही नव्हतं. तरुणपणी प्रेमानंदनं नांदेडला जाऊन चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या आणि तेव्हा त्याला माणूस चांगला काढता यायचा. पुढं पाट्या रंगवण्यात वर्षं गेली. गेलेल्या माणसांचे फोटो मोठे करून घ्यायला लोक येऊ लागले, तसा त्यानं एक सोपा मार्ग काढला. जाड कागदावर एक जोडपं काढलं, कोट-धोतरातला नवरा आणि शेजारी लुगड्यातली बायको, त्याच्यापेक्षा चार बोटं कमी. रेघांवरून सुईनं भोकं पाडली. हा त्याचा खाका. बोर्डावर खाका ठेवायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून आपटत न्यायची, कागद उचलला की ठिपक्या-ठिपक्यांचं जोडपं खाली उभं. मग त्यावर डोकी बसवायची. असं करता करता कळमनुरी तालुक्यातल्या कितीतरी भिंतींवर एकच कोट आणि एकच लुगडं जाऊन बसलं. एकदा एका लग्नात दोन विहिणींचं त्यावरून वाजलंही होतं, आमच्या सासऱ्याचा कोट तुमच्या आज्याच्या अंगात कसा? प्रेमानंद तिथंच पंगतीत होता. त्या टायमाला गावात शिंपी येकच व्हता, असं सांगून त्यानं ते मिटवलं.

डोक्यांच्या बाबतीत मात्र तो अत्यंत प्रामाणिक होता. त्याच्याकडं काचेचा एक तुकडा होता, त्यावर त्यानं बारीक रेघा मारून चौकटी पाडलेल्या. काच फोटोवर ठेवायची, बोर्डावर तेवढ्याच पण मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायचं. छोट्या चौकटीत नाकाचा शेंडा जिथं, मोठ्या चौकटीतही तिथंच. भुवईचा एक केस तो इकडचा तिकडं करायचा नाही. त्यामुळं त्याच्या फोटोतली माणसं ओळखू यायची आणि बाळापुरात त्याचं नाव होतं.

त्याचं दुकान म्हणजे रस्त्यावरची एक लांबट खोली. उजव्या अंगाला रंगाचे डबे, डाव्या अंगाला त्याची बायको पल्लवी हिचं शिलाई मशीन. ती झंपर आणि चोळ्या शिवायची. दिवसभर दोघं एकमेकांकडं पाठ करून बसत आणि तशीच भांडत.

आठवडाभरात फोटो झाला. बजरंग बँकेतून जाता जाता पाहून गेला आणि खूश झाला. आबा कसे रुबाबदार दिसत होते, आणि शेजारी माय कशी बेतशीर. दुसऱ्या दिवशी बाजार होता. त्या गर्दीतून पुंजाजी स्वतःच येऊन दुकानाच्या दारात उभे राहिले. काटकुळा, ठेंगणा म्हातारा. डोक्यावरचा पटका तेवढा मोठा.

"राम राम, पेंटर."

"जय भीम, बाबा. या, बसा."

पुंजाजी बसले नाहीत. फोटोसमोर उभे राहिले. मग दोन पावलं मागं गेले. मग दाराबाहेर जाऊन तिथून पाहिलं. आत आले, पुन्हा जवळून पाहिलं.

"तोंड तिचंच हाय," ते म्हणाले. "पर बाई ती न्हाई."

प्रेमानंदला ते झोंबलं. कुणी रंगाला नाव ठेवलं असतं तर त्यानं ऐकून घेतलं असतं, पण साम्य म्हणजे त्याची अब्रू. त्यानं लग्नाचा फोटो काढला, वर काच ठेवली आणि पुंजाजींना जवळ बोलावलं. "बघा बाबा. हा डोळा, हा बघा डोळा. हे नाक, हे नाक. काडीचा फरक दाखवा."

"फरक न्हाई म्हनूनच मनलं, तोंड तिचंच हाय. पर तोंडावरून कोन वळखतंय, पेंटर? कळपात मी माझं मेंढरू तोंडावरून वळखत न्हाई. ते उभं कसं ऱ्हातं, त्याच्यावरून वळखतो. तुमी दुसऱ्याच कोन्या बाईला माझ्या बाजूला आनून उभं केलं. चांगली हाय बिचारी. पर माझी न्हाई."

"तिचे लई नवरे हायेत, बाबा, तालुक्यात," मशीनमागून पल्लवी म्हणाली.

प्रेमानंदनं तिच्याकडं डोळे वटारले. ती दोरा ओवू लागली.

"ती माझ्यापक्षा उंच व्हती," पुंजाजी म्हणाले. "चांगली उंच. मी तिच्या खांद्याच्या थोडा वर."

"पर फोटूत तर दोघं बराबर दिसता."

"फोटूत ती वाकली हाय. नीट बघा."

प्रेमानंदनं काच बाजूला केली आणि पहिल्यांदाच फोटो चौकटींशिवाय पाहिला. खरंच. मान पुढं घातलेली, खांदे आत ओढलेले, नजर पायाकडं. ती झुकलेली मान त्यानं स्वतःच्या हातानं चौकटी-चौकटीनं मोठी केली होती, आणि त्याला वाटलं होतं, बाई लाजाळू आहे.

"चारचौघांत ती आशीच ऱ्हायची," पुंजाजी आता टेकले. "लगीन झालं त्या दिशी बाया हसल्या. नवरा नवरीच्या खांद्याला लागतो मनल्या. तवापासून माझ्या बाजूला उभं ऱ्हायचं आलं की तिची मान खाली. लोकं मनायची, काय गरीब बाई हाय. गरीब कुटली! कोन्याला ऐकत नव्हती. फकस्त माझ्यासाठी वाकायची. आन मी बी कदी मनलो न्हाई, की वाकू नको."

 बाहेर कुणीतरी शेळीच्या भावावरून घासाघीस करत होतं.

"मंग कशी काढू?" प्रेमानंदनं विचारलं.

"ताठ. रानात ऱ्हायची तशी." म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. "कळप घेऊन आमी लांब-लांब जायचो. ती म्होरं, मी मागं, मधी मेंढरं आन धुराळा. दोन्ही आंगाला तुरी. मला कायबी दिसायचं न्हाई, हा आसा मी येवढासा. पर तुरीच्या वरतून तिचं डोकं दिसायचं. मी त्या डोक्यावर चालायचो. येकडाव बी चुकलो न्हाई, पेंटर. आता घरात बसल्या जागी चुकल्यावानी व्हतंय."

 आयुष्यात प्रेमानंदनं पुष्कळ विधुर पाहिले होते, त्यांची डोकी काढली होती, पण असं मागणं घेऊन कुणी आलं नव्हतं. त्याला म्हाताऱ्याची दया आली आणि त्याहून जास्त स्वतःची भीती वाटली. खाका बाजूला ठेवून अख्खी बाई काढायची, तीही न पाहिलेली. हात राहिला होता का तसा?

"बजरंगभाऊ काय मनतील?" त्यानं शेवटची वाट शोधली.

"त्याला मी बघतो. बायको माझी व्हती."

दुसऱ्या दिवसापासून पाट्यांचं काम बाजूला पडलं. खताच्या दुकानाची पाटी 'जि.'वरच थांबली आणि ते दुकान काही दिवस कोणत्याच जिल्ह्यात नव्हतं. प्रेमानंदनं बोर्डाला हात लावला नाही. आधी मोठ्या कागदावर करून बघू म्हणाला. त्याचा हिशेब सरळ होता. बाई उंच करायची ना? मग तिच्या चौकटी मोठ्या आखू. त्यानं आखल्या, खाक्यातली बाई त्यात उतरवली आणि मागं सरकून पाहिलं.

पल्लवीनं मशीन थांबवलं. "बाबाला शाळंत घालायला चालली का ही?"

खरंच तसं दिसत होतं. बाई उंच झाली होती, पण तिच्याबरोबर तिचं डोकं, पंजे, नाक, कुंकू, सगळंच मोठं झालं होतं. शेजारी पुंजाजी तिचं धाकटं लेकरू वाटत होते. पटका बांधलेलं लेकरू.

प्रेमानंदनं तो कागद उलटा केला. या वेळी त्यानं वरचं सगळं खाक्याचं तसंच ठेवलं आणि गुडघ्याखाली वाढवलं. पल्लवी तोंडाला पदर लावून बघत राहिली.

"आता काय?"

"काई न्हाई. लुगड्याच्या आत बाजंवर उभी हाय ती. खाली पडली तर बाबाच्या आंगावर पडंल."

"तू काढ मंग," प्रेमानंद चिडला.

"मला काढता येत न्हाई. पर मी तुमच्यावानी समद्या बायांना येकच चोळी शिवत न्हाई." ती उठून कागदाजवळ आली. "उंच बाई काय समद्या बाजूनं उंच नसती. डोकं तिचं माझ्यायेवढंच आसतं. कोनाचे पाय लांब, कोनाची पाठ लांब, कोनाची मान. कोनाला बाही चार बोटं जास्ती लागती आन पाठीला तेवढंच कापड. त्या बाईची येखांदी चोळी आसंल की घरात. माप घेऊन बघू."

हे आपल्याला कसं सुचलं नाही, असं प्रेमानंदला वाटलं. पण बायकोसमोर तसं कबूल करण्याची त्याच्या घरात पद्धत नव्हती. तो फक्त सायकलची हवा बघायला बाहेर गेला.

वाडीत पुंजाजींचं घर ओढ्याच्या चढावर होतं. म्हातारा मेंढरांमागं गेला होता, बजरंग बँकेत. घरी सून मोहिनी होती, लहानशा चणीची, हसरी. पल्लवीनं काम सांगितलं तशी तिनं पेटीतून सासूची खणाची चोळी आणून दिली. पल्लवी ओसरीवर बसून टेप लावू लागली.

"पाठ माझ्यायेवढीच हाय," ती म्हणाली. "खांदाबी तेवढाच. बाही मात्र बघा, केवढी खाली जाती."

"हात लई लांब व्हते आत्याबाईचे, आन मानबी," मोहिनी म्हणाली. "त्या बांधून गेल्यात त्या दोरीची मला अजून तकलीफ. कपडे वाळू घालायला मी धोंड्यावर चढते. मामंजी तर काठीनं घालतेत."

अंगणात दोन खुंटांच्या मध्ये ती दोरी होती. प्रेमानंदनं पल्लवीला खाली उभं राहायला सांगितलं. तिनं हात वर केला. बोटं हवेतच राहिली. टाचा उचलल्या तरी पुरेनात. मोहिनीनं तो धोंडा लोटत आणला, पल्लवी त्यावर चढली आणि कपडे टाकायला जसा हात सहज लागतो तसा तो लागला. धोंड्याची जाडी, बाहीची लांबी, चोळीची पाठ. प्रेमानंद खाली बसून काडीनं मातीत रेघा मारू लागला. अंगणात कोंबड्या त्याच्या रेघांवरून फिरत होत्या आणि तो त्यांना हाकलत होता. हळूहळू मातीत एक बाई उभी राहिली. धड चारचौघींसारखंच, पण हात लांब, पाय लांब आणि मान लांब. चौकट मोठी करायचीच नव्हती. तीच चौकट ठेवून बाईला एक चौकट जास्त द्यायची होती. थोडी मानेत, बाकीची कमरेखाली.

मोहिनी वाकून बघत होती. "आत्याबाईच," ती म्हणाली. चित्राला अजून तोंड नव्हतं.

परत येताना प्रेमानंद सायकलवर शीळ घालत होता. पल्लवी मागं बसून म्हणाली, "चोळी बघायची कोनाला सुचलं व्हतं?"

"हवा कमी हाय मागच्या चाकात," प्रेमानंद म्हणाला.

आता अडचण बोर्डाची होती. बोर्ड नांदेडहून आलेला, फ्रेमही त्याच मापाची. उंच झालेल्या सत्यभामाबाईंचं डोकं वरच्या कडेला लागत होतं. पुंजाजी आले तेव्हा प्रेमानंदनं त्यांना समजावलं. "बोर्ड काई वाढत न्हाई, बाबा. त्या वाढायच्या तर तुमाला कमी व्हावं लागंल."

"मंग व्हतो की," पुंजाजी म्हणाले. "उशीर झाला, पर व्हतो."

जुनं जोडपं घासून काढलं. नवीन अंग दोन दिवसांत उतरलं. प्रेमानंदला वाटलं होतं तेवढा हात गेलेला नव्हता. पहिल्या दिवशी थोडा कुरकुरला, मग चालला. पण खरी भीती पुढं होती. फोटोतला चेहरा खाली घातलेला. मान सरळ केली की हनुवटी पुढं येणार, डोळे उघडणार, कपाळ लहान होणार, आणि त्यातलं काहीच फोटोत नव्हतं. काचेचा तुकडा इथं उपयोगाचा नव्हता. आजवर त्यानं जे नाव कमावलं ते त्या काचेतून बघून. काचेबाहेर काढलेलं तोंड भलत्याच कुणाचं निघालं तर आहे ती बाईही जायची.

त्यानं पल्लवीला स्टुलावर बसवलं. मान खाली घाल म्हणाला, मग वर कर. खाली, वर. काय हलतं आणि काय हलत नाही, ते तो बघत होता. पल्लवीची मान दुखायला लागली. "इकडं चोळ्या पडल्यात," ती म्हणाली, पण उठली नाही.

मग त्यानं पुंजाजींना बोलावलं आणि शेजारी बसवून घेतलं. कोळशानं तो हलकी रेघ मारायचा, म्हातारा बघायचा.

"आनखी वर."

पुसून पुन्हा.

"आनखी थोडी. ती लांब बघायची. म्होरं पानी हाय का, कोन्याचं वावर हाय का. जवळचं बघतच नव्हती."

प्रेमानंदनं डोळ्यांतली नजर लांब नेली. भुवया किंचित आवळल्या, उन्हात लांबचं बघताना आवळतात तशा. हनुवटी उचलली.

"हां," पुंजाजी म्हणाले. "थांबा."

प्रेमानंद थांबला.  म्हातारा उठला, पटका सोडून पुन्हा बांधला, आणि बाहेर मेंढरं बघून येतो म्हणाला. मेंढरं त्या दिवशी वाडीतच होती. प्रेमानंदनं पल्लवीकडं पाहिलं, आणि त्याला इतका आनंद झाला की तो त्या दिवशीची मागच्या चाकाची हवाही विसरला. "चोळीचं तुलाच सुचलं व्हतं," तो म्हणाला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी बजरंग फोटो न्यायला आला. पुंजाजी आधीच येऊन बसले होते. बोर्डावरचं कापड काढलं तसा बजरंगचा चेहरा पडला.

"हे काय, पेंटर? माझं-तुमचं काय ठरलं व्हतं?"

"म्या सांगितलं त्यांला," पुंजाजी म्हणाले.

"आबा, पाव्हण्यांत हसं व्हईल. शाळंत पोरं मला उंटीनीचं पोरगं मनायची. तुमाला काय म्हाईत? आता कुटं समदं इसरलं व्हतं, आन तुमी भितीवर टांगून राह्यले."

प्रेमानंदला त्याचं वाईट वाटलं. पोराचं चुकत नव्हतं; त्याला त्याच्या परीनं आईची लाज झाकायची होती. आणि तोंड उघडून आपण त्याला शब्द दिला होता, हेही खरं होतं.

"मायची मान येवढी वर कदी व्हती?" बजरंग फोटोकडं बोट करून म्हणाला. "मला आठवतं तवापासून तिची मान वाकल्याली. डोक्शावर वझं वाहून वाहून वाकली ती."

पुंजाजींनी मान हलवली. "वझ्यानं न्हाई वाकली, बाबू. ती माझ्यापायी वाकली. वझं डोक्यावर आसलं तर ती ताठ चालायची. तू कदी तिच्यासंगं रानात आला न्हाईस, शाळंत व्हतास. मी बघितलंय."

बजरंग बापाकडं बघत राहिला. मग फोटोकडं. मग तो फोटोच्या अगदी जवळ गेला आणि खूप वेळ तिथून हलला नाही. पल्लवीनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तो त्यानं घेतला पण प्यायला नाही.

"कुटं बघून राह्यली ती?" शेवटी त्यानं विचारलं.

"पान्याकडं," प्रेमानंद म्हणाला. "बाबा मनाले, लांबचं बघायच्या."

बजरंगनं तांब्या खाली ठेवला आणि फोटोची एक बाजू उचलली. "धरा, पेंटर. टेंपो उभा हाय."

दुसऱ्या दिवशी प्रेमानंद आणि पल्लवी वाडीत जेवायला गेले. घर पाहुण्यांनी भरलं होतं. फोटो समोरच्या भिंतीवर लागला होता आणि त्याच्यापुढं सकाळपासून एकच वाद चालला होता, हार कसा घालायचा? बाई गेलेली, पण पुंजाजी चांगले हिंडते-फिरते, अंगणात बिड्या वाटत होते. जित्या माणसाला हार घालावा कसा? शेवटी मोहिनीनं शेवंतीचा एक बारका हार केला आणि सत्यभामाबाईंच्या बाजूला खिळा ठोकून तिकडंच सोडला.

लोक येत होते, बघत होते, बोलत होते. कुणी हसलंही. "पुंजाजी, लई बारका दिसून राह्यलास गड्या," एक म्हातारा म्हणाला. "हायेच बारका," पुंजाजी म्हणाले आणि त्याला आणखी एक बिडी दिली. बजरंग फोटोजवळ उभा राहून येईल त्याला सांगत होता, माय अशीच व्हती म्हणून. त्याचा आवाज जरा मोठाच होता.

पंगती बसायच्या बेताला जवळा बाजार गावाकडचे पाहुणे आले. सत्यभामाबाईंची धाकटी बहीण जनकाबाई आणि तिचे मालक भिवाजी. भिवाजी गोल, ठेंगणे, बोलके. जनकाबाई बुटक्या दारातून वाकून आत आल्या आणि आत येऊनही तशाच वाकलेल्या राहिल्या. प्रेमानंद कोपऱ्यात बसला होता. ती मान त्यानं लगेच ओळखली. आठवडाभर तो तीच काचेखाली ठेवून बसला होता.

नवरा-बायको फोटोसमोर उभे राहिले.

"अक्काला लईच उंच काढलं की ह्यांनी," भिवाजी म्हणाले.

 जनकाबाई बहिणीकडं बघत राहिल्या. बघता बघता त्यांचे खांदे मागं गेले. मग मान वर आली. एकदम नाही, थोडी, मग आणखी थोडी, बरेच दिवस न उघडलेली खिडकी उघडावी तशी. डोक्यावरचा पदर मागं घसरला, तो त्यांनी सावरला नाही. भिवाजी आता त्यांच्या खांद्याला लागत होते.

"काय झालं गं?" त्यांनी वर बघत विचारलं.

"काई न्हाई," जनकाबाई म्हणाल्या. "नीट दिसत नव्हतं."

अंगणातून पंगतीला हाक आली. बायका निघाल्या, त्यांच्यात जनकाबाईही. माणसांनी भरलेल्या त्या खोलीतून त्या सरळ चालत गेल्या, आणि वाकल्या त्या फक्त दाराशी, दार बुटकं होतं म्हणून.